बचावाचा वकील आणि बदलता कायदा : चित्तरंजन दास यांच्या वकिलीचा एक अभ्यास

१

राजकीय खटल्यांचा इतिहास बहुधा आरोपींच्या बाजूने लिहिला जातो. आरोपीचे धैर्य, न्यायाधीशाची कठोरता आणि शिक्षेचा दिवस या तीन खुंट्यांवर खटल्याची कथा टांगलेली असते. आरोपीच्या शेजारी उभा राहून महिनोन् महिने कागदपत्रे चाळणारा, साक्षीदारांना प्रश्न विचारणारा आणि पुराव्याच्या कायद्यातील एखाद्या कलमावर सारा भार टाकणारा वकील या कथेत क्वचितच दिसतो. दिसलाच तर त्याच्या समारोपाच्या भाषणापुरता. वस्तुतः ज्या काळात सरकारने एका विशिष्ट प्रकारच्या आरोपीसाठी निराळा कायदा घडविण्यास आरंभ केला, त्या काळाचे यथार्थ आकलन वकिलाच्या कामावरूनच होऊ शकते. कारण कायद्यात झालेला प्रत्येक बदल प्रथम त्याच्या हाताला जाणवतो.

सरकारी दप्तराने ज्यांस आरंभी 'अराजक' व पुढे 'दहशतवादी' म्हटले आणि लोकांनी ज्यांस 'क्रांतिकारक' म्हटले, त्या तरुणांचा बचाव करणाऱ्या वकिलांत चित्तरंजन दास यांचे नाव अग्रभागी आहे. देशबंधू म्हणून, स्वराज्य पक्षाचे नेते म्हणून आणि कलकत्त्याचे पहिले महापौर म्हणून त्यांचे चरित्र सुपरिचित आहे. प्रस्तुत निबंधात त्यांच्या जीवनाचा एकच धागा घेतला आहे : १९०७ पासून १९२५ पर्यंत त्यांनी केलेला बचाव, आणि त्याच अवधीत बचावाचे क्षेत्रच कसे आकुंचित होत गेले, हा. ज्या न्यायालयात दास यांनी कीर्ती मिळविली, ते न्यायालयच सरकारने अशा आरोपींच्या वाटेतून हळूहळू दूर केले. आणि म्हणून या वकिलाचा अखेरचा बचाव न्यायालयात नव्हे, तर विधिमंडळात झाला, असे या अभ्यासातून दिसून येते.

२

चित्तरंजन दास यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८७० रोजी कलकत्त्यास झाला. घराणे मूळचे विक्रमपूर परगण्यातील तेलिरबागचे. वडील भुवनमोहन दास हे सॉलिसिटर असून ब्राह्मो समाजाचे होते. प्रेसिडेन्सी कॉलेजातून पदवी घेतल्यावर चित्तरंजन सनदी नोकरीच्या परीक्षेसाठी विलायतेस गेले. तीत यश न आल्यामुळे ते बॅरिस्टर झाले आणि १८९३ च्या सुमारास कलकत्त्यास परतून उच्च न्यायालयात वकिली करू लागले. आरंभीची वर्षे हलाखीची होती. वडिलांच्या कर्जाचा भार मुलाच्याही माथी आला आणि १९०६ मध्ये पितापुत्र दोघांनाही नादारी जाहीर करावी लागली. नादारीनंतर कायद्याच्या दृष्टीने ही कर्जे फेडण्याचे बंधन त्यांच्यावर उरले नव्हते. तथापि हाती पैसा येताच १९१३ मध्ये त्यांनी ती फेडून टाकली. कायदा जेथे सोडून देतो तेथेही कर्तव्य सुटत नाही, अशी त्यांची धारणा या प्रसंगावरून प्रकट होते. तिचे प्रतिबिंब त्यांच्या वकिलीतही पडले आहे.

वंगभंगानंतरच्या चळवळीत १९०७ हे वर्ष वृत्तपत्रांवरील खटल्यांचे होते. 'संध्या' या बंगाली पत्राचे संपादक ब्रह्मबांधव उपाध्याय यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हा दास त्यांच्या बाजूने उभे राहिले. परक्या सत्तेच्या न्यायालयापुढे आपण उत्तरदायी नाही, अशी भूमिका घेऊन ब्रह्मबांधवांनी खटल्यात भाग घेण्याचे नाकारले. खटला चालू असतानाच २७ ऑक्टोबर १९०७ रोजी त्यांचा रुग्णालयात अंत झाला. स्वतःच्या बचावास उदासीन असलेला आरोपी आणि त्याच्यासाठी कायद्याचे हत्यार उपसणारा वकील, हे दृश्य पुढेही अनेकदा दिसणार होते.

दास यांचे राजकीय वर्तुळ कोणते होते, हे लपविण्याचे कारण नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यास स्थापन झालेल्या अनुशीलन समितीच्या आरंभीच्या पदाधिकाऱ्यांत प्रमथनाथ मित्र, अरविंद घोष यांच्याबरोबर दास यांचेही नाव येते. आरोपींच्या ध्येयाविषयी त्यांना आस्था होती. मात्र न्यायालयात त्यांनी केलेला बचाव या आस्थेवर उभा नव्हता, तो पुराव्याच्या कायद्यावर उभा होता. हा भेद ध्यानी घेतल्याखेरीज त्यांच्या कामाचे मोल कळत नाही.

३

३० एप्रिल १९०८ रोजी मुझफ्फरपूर येथे खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी या तरुणांनी एका घोडागाडीवर बॉम्ब फेकला. रोख जिल्हा न्यायाधीश किंग्जफोर्ड यांच्यावर होता. कलकत्त्यास प्रेसिडेन्सी मॅजिस्ट्रेट असताना त्यांनी राष्ट्रीय वृत्तपत्रांवरील खटले चालविले होते आणि सुशील सेन या मुलास फटक्यांची शिक्षा दिली होती. परंतु गाडीत किंग्जफोर्ड नव्हते. प्रिंगल केनेडी या बॅरिस्टरांच्या पत्नी व कन्या त्या स्फोटाने मृत्युमुखी पडल्या. ज्यांचा कोणत्याही सरकारी कृत्याशी संबंध नव्हता अशा दोन स्त्रियांचा तो मृत्यू होता. पुढील साऱ्या प्रकरणाचा विचार करताना त्याचे विस्मरण होता कामा नये. प्रफुल्ल चाकीने पकडले जाताना स्वतःवर गोळी झाडून घेतली. खुदिरामास ११ ऑगस्ट १९०८ रोजी फाशी देण्यात आले.

२ मे रोजी पोलिसांनी कलकत्त्यात अनेक ठिकाणी छापे घातले. माणिकतळ्यातील मुरारीपुकुर रस्त्यावरील बागेत बॉम्बचे साहित्य, शस्त्रे आणि कागद सापडले. बारींद्रकुमार घोष, उल्हासकर दत्त, उपेंद्रनाथ बॅनर्जी प्रभृती पकडले गेले. त्याच दिवशी बारींद्रांचे वडील बंधू अरविंद घोष यांनाही ग्रे स्ट्रीटवरील घरातून अटक झाली. आरोप सम्राटाविरुद्ध युद्ध पुकारल्याचा व तसा कट केल्याचा होता. हाच अलीपूरचा बॉम्ब खटला.

या घटनेचे पडसाद महाराष्ट्रात तत्काळ उमटले. मुझफ्फरपूरच्या बॉम्बगोळ्याची कारणमीमांसा करणाऱ्या 'केसरी'तील लेखांबद्दल लोकमान्य टिळकांवर जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात खटला चालला. बॅरिस्टर जोसेफ बाप्टिस्टा प्रभृतींचे साहाय्य असले तरी टिळकांनी आपला बचाव स्वतः केला. न्यायमूर्ती दावर यांनी १८९७ मध्ये टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून काम केले होते; त्याच दावरांनी ज्यूरीच्या सात विरुद्ध दोन अशा मतानुसार त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. दोन्ही प्रांतांतील गुप्त मंडळ्यांचा संबंध केवळ भावनेचा नव्हता. बंगालचे हेमचंद्र दास व महाराष्ट्राचे पांडुरंग महादेव बापट यांनी पॅरिसमध्ये बॉम्बविद्या मिळविली होती. माणिकतळ्यात सापडलेल्या माहितीपुस्तिकेसारखीच प्रत पुढे नाशिकास बाबाराव सावरकरांच्या घरझडतीत सापडली. म्हणूनच कलकत्त्यात एका वकिलाने पुराव्याविषयी मांडलेल्या प्रश्नांना नाशिकच्या इतिहासातही स्थान आहे.

४

मॅजिस्ट्रेट बर्ली यांच्यापुढील प्राथमिक चौकशीनंतर १९ ऑक्टोबर १९०८ रोजी अलीपूरचे सत्र न्यायाधीश बीचक्रॉफ्ट यांच्यापुढे खटला उभा राहिला. सनदी परीक्षेत ग्रीक भाषेच्या विषयात अरविंद पहिले आणि बीचक्रॉफ्ट दुसरे आले होते. आता एक पिंजऱ्यात व दुसरा न्यायासनावर होता. सरकार पक्षातर्फे मद्रासचे नामांकित बॅरिस्टर अर्डली नॉर्टन होते. हेच नॉर्टन एके काळी काँग्रेसच्या कार्यात पुढाकार घेणारे म्हणून ओळखले जात. एकूण २०६ साक्षीदार आणि सुमारे चार हजार कागदपत्रे न्यायालयापुढे आली.

बचावाकडे निधी तुटपुंजा होता. अरविंदांच्या भगिनी सरोजिनी यांनी जनतेस मदतीचे आवाहन केले होते. आरंभी बॅरिस्टर ब्योमकेश चक्रवर्ती यांच्याकडे काम होते. परंतु पैसा सरत आला आणि खटला मात्र लांबत चालला. अशा वेळी दास यांनी वकीलपत्र घेतले. त्यांची वकिली तेव्हा कोठे स्थिरावू लागली होती आणि डोक्यावरचे कर्ज फिटलेले नव्हते. तरीही कित्येक महिने अन्य कामे बाजूस सारून त्यांनी या एकाच खटल्यास स्वतःला वाहून घेतले.

आरोपींची स्थिती सारखी नव्हती, ही बचावापुढील पहिली अडचण होती. बारींद्र, उल्हासकर, उपेंद्रनाथ इत्यादींनी मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीजबाब दिले होते आणि बागेतील वस्तू त्यांच्या विरुद्ध बोलत होत्या. अरविंदांच्या विरुद्ध असा प्रत्यक्ष पुरावा नव्हता. त्यांचे लेख, पत्नीस लिहिलेली खासगी पत्रे, बंधूशी असलेले नाते आणि काही कागद एकत्र गुंफून नॉर्टन यांनी त्यांना कटाचे सूत्रधार ठरविण्याचा यत्न केला. या गुंफणीतील प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे सिद्ध झाला आहे काय, हा एकच प्रश्न दास पुन्हा पुन्हा विचारीत राहिले.

'मिठाई'चे पत्र म्हणून गाजलेला कागद या पद्धतीचे उत्तम उदाहरण होय. बारींद्रांनी अरविंदांस डिसेंबर १९०७ मध्ये, सुरतेच्या काँग्रेसच्या वेळी, लिहिलेले म्हणून सांगितले गेलेले ते इंग्रजी पत्र अरविंदांच्या घरी सापडले, असे पोलिसांचे म्हणणे होते. त्यात प्रसंगी उपयोगी पडावी म्हणून देशभर मिठाई तयार ठेवण्याची गोष्ट होती आणि मिठाई म्हणजे बॉम्ब, असा सरकार पक्षाचा अर्थ होता. दास यांनी अर्थाचा वाद घातलाच नाही. पत्राच्या अस्सलपणावरच त्यांनी बोट ठेवले. दोघेही बंधू त्या समयी सुरतेतच होते, मग पत्र लिहिण्याचे प्रयोजन काय? बंगाली घरातील धाकटा भाऊ थोरल्यास 'सेजदा' म्हणतो. इंग्रजी रीतीने 'प्रिय बंधू' असे संबोधून खाली आपले संपूर्ण नाव आडनावासह लिहील काय? हा पुरावा कोणत्याही ग्रंथात सापडणारा नव्हता. घरातील संबोधनाची रीत ठाऊक असलेल्या माणसालाच तो सुचणारा होता. न्यायाधीशांनी त्या पत्रावर विसंबून निर्णय देण्याचे टाळले. हेर कामाला लावले जातात तेथे संशयिताच्या घरात असे कागद येऊन पडण्याचा संभव असतो, हे त्यांनी निकालपत्रात मान्य केले.

आठवड्याहून अधिक काळ चाललेल्या समारोपाच्या भाषणात दास यांनी दुसरी एक बाजू मांडली. स्वातंत्र्याचा आदर्श अरविंदांनी देशापुढे ठेवला हे त्यांनी नाकारले नाही, उलट उघडपणे स्वीकारले. आदर्शाचा प्रचार हाच अपराध असेल तर आरोपी तो मान्य करील, परंतु बॉम्बच्या कटाचा आरोप त्यातून सिद्ध होत नाही, अशी त्यांची मांडणी होती. पत्नीस लिहिलेल्या पत्रांत सरकार पक्षाला कटाची छाया दिसत होती. दास यांनी त्यांत वेदान्ताची भाषा दाखवून दिली. मत आणि कृती यांच्यामध्ये पुराव्याची भिंत असलीच पाहिजे, हा त्यांच्या सर्व युक्तिवादाचा गाभा होता. भाषणाच्या शेवटी त्यांनी अरविंदांना या न्यायालयाच्या पलीकडील इतिहासाच्या न्यायासनापुढे उभे केले. तो भाग पुढे लोकांच्या तोंडी झाला. परंतु अरविंदांना सोडविले ते या वक्तृत्वाने नव्हे, त्याच्या आधीच्या कित्येक महिन्यांच्या रूक्ष कामाने, असेच म्हणणे युक्त होईल.

१४ एप्रिल १९०९ रोजी असेसरांनी अरविंदांस निर्दोष ठरविले आणि ६ मे रोजी न्यायाधीशांनी त्यांची मुक्तता केली. त्यांच्याबरोबर इतरही अनेक सुटले. बारींद्र व उल्हासकर यांना फाशीची व इतर कित्येकांना काळ्या पाण्याची शिक्षा झाली. येथे दास यांचे काम संपले नाही. अपिलात ते पुन्हा उभे राहिले. सरन्यायाधीश लॉरेन्स जेंकिन्स हे कलकत्त्यास येण्यापूर्वी १८९९ ते १९०८ पर्यंत मुंबईचे मुख्य न्यायाधीश होते. त्यांनी व न्यायमूर्ती कार्नडफ यांनी २३ नोव्हेंबर १९०९ रोजी निकाल दिला. बारींद्र व उल्हासकर यांची फाशी रद्द होऊन जन्मठेप झाली आणि कित्येकांच्या शिक्षा कमी झाल्या. सत्र न्यायालयाने दोषी ठरविलेला बाळकृष्ण हरी काणे हा मराठी तरुण या अपिलात निर्दोष सुटला. पाच आरोपींविषयी दोन न्यायमूर्तींचे मतैक्य न झाल्याने त्यांचा प्रश्न तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेला व फेब्रुवारी १९१० मध्ये मिटला. अरविंदांच्या मुक्ततेने खटल्याचा हा उत्तरार्ध झाकला गेला आहे. परंतु अपिलाचा मार्ग खुला असणे म्हणजे काय, हे काणे यांच्या सुटकेवरून आणि दोन फाशींच्या रद्द होण्यावरून अधिक स्पष्टपणे समजते.

५

या यशाला एक काळी किनार आहे, तिचाही विचार केला पाहिजे. आरोपींपैकी नरेंद्रनाथ गोस्वामी हा माफीचा साक्षीदार झाला होता. मॅजिस्ट्रेटपुढे दिलेल्या जबानीत त्याने अनेकांना गुंतविले होते. ३१ ऑगस्ट १९०८ रोजी अलीपूरच्या तुरुंगातच कन्हाईलाल दत्त व सत्येंद्रनाथ बोस यांनी त्यास गोळ्या घालून ठार केले. दोघांनाही नोव्हेंबरमध्ये फाशी झाली. गोस्वामीची उलटतपासणी झालेली नव्हती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या ३३ व्या कलमान्वये मृत साक्षीदाराची पूर्वीची जबानी तेव्हाच ग्राह्य धरली जात असे, जेव्हा विरुद्ध पक्षास उलटतपासणीचा हक्क व संधी मिळालेली असे. परिणामी ती जबानी सत्र न्यायालयात पुरावा म्हणून टिकली नाही. सरकार पक्षाचा सर्वांत मोठा आधार निखळला तो वकिलाच्या युक्तिवादाने नव्हे, पिस्तुलाच्या गोळीने.

पुढे १० फेब्रुवारी १९०९ रोजी खटल्यातील सरकारी वकील आशुतोष विश्वास यांचा अलीपूरच्या न्यायालयाच्या आवारातच चारुचंद्र बोस या तरुणाने खून केला. २४ जानेवारी १९१० रोजी गुप्त पोलीस खात्याचे उपअधीक्षक शम्सुल आलम उच्च न्यायालयाच्या इमारतीत मारले गेले. ज्या न्यायालयात दास पुराव्याची कसोटी मागत होते, त्याच न्यायालयात त्यांच्या समोर काम करणारा व्यवसायबंधू मारला जात होता. बचावाच्या वकिलाची स्थिती किती अवघड असते हे येथे दिसते. साक्षीदाराच्या खुनाने आरोपींना मिळालेला लाभ कायदेशीर होता. परंतु त्यायोगे कायद्याविरुद्ध बोलण्यास सरकारला उत्तम निमित्त मिळाले.

ते निमित्त सरकारने वाया जाऊ दिले नाही. अलीपूरचा खटला चालू असतानाच, डिसेंबर १९०८ मध्ये, फौजदारी कायदा सुधारणेचा चौदावा अधिनियम मंजूर झाला. चालू खटल्यास तो लागू झाला नाही. पण त्याची कलमे वाचता अलीपूरचे सारे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. अशा गुन्ह्यांची सुनावणी ज्यूरीवाचून उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींपुढे व्हावी. मॅजिस्ट्रेटच्या प्राथमिक चौकशीत आरोपी, मॅजिस्ट्रेटने तसा आदेश दिल्याखेरीज, हजर नसावा आणि त्याच्यातर्फे वकीलही नसावा. पुराव्याच्या कायद्याचे ३३ वे कलम काहीही म्हणो, साक्षीदार मृत वा गैरहजर असेल आणि ते आरोपींच्या हितासाठी घडविण्यात आले असे न्यायालयास वाटण्यास कारण असेल, तर त्याची मॅजिस्ट्रेटपुढील जबानी पुरावा मानावी. या शेवटच्या कलमामागे गोस्वामीचा खून आहे हे सांगण्यासाठी भाष्यकाराची जरूर नाही. एकीकडे उलटतपासणीचा प्रसंगच येऊ द्यायचा नाही आणि दुसरीकडे उलटतपासणीवाचूनची जबानी ग्राह्य धरायची, असा या दोन तरतुदींचा एकत्रित अर्थ होता. खुनाला उत्तर द्यावयाचे होते खुन्यांना, पण ते दिले गेले उलटतपासणीला.

या अधिनियमाचा प्रत्यक्ष अनुभव महाराष्ट्रास लवकरच आला. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनी वध केला. त्यानंतर उभ्या राहिलेल्या नाशिक कटाच्या खटल्यात ३८ आरोपी होते. सप्टेंबर १९१० पासून तो मुंबईस मुख्य न्यायाधीश स्कॉट, न्यायमूर्ती चंदावरकर व न्यायमूर्ती हीटन यांच्या विशेष न्यायालयापुढे चालला. बचावाच्या वकिलांत बाप्टिस्टा होते. विनायक दामोदर सावरकर यांनी फ्रान्सच्या भूमीवरील आश्रयाचा हक्क सांगून खटल्यात भाग घेण्याचे नाकारले. डिसेंबर १९१० मध्ये त्यांना जन्मठेप झाली. तेथे ज्यूरी नव्हती, असेसर नव्हते आणि नेहमीचे अपीलही नव्हते. अलीपूरच्या आरोपींना सत्र न्यायालय, उच्च न्यायालय आणि मतभेदानंतर तिसरे न्यायमूर्ती अशा तीन पायऱ्या मिळाल्या. नाशिकच्या आरोपींना एकच. बाप्टिस्टा यांची बुद्धी दास यांच्याहून उणी होती म्हणून दोन्ही निकालांत अंतर पडले, असे म्हणता येणार नाही; दोघांच्या पायाखालची जमीनच निराळी होती.

६

अलीपूरनंतर दास यांची गणना देशातील अग्रगण्य वकिलांत होऊ लागली व त्यांचे उत्पन्न झपाट्याने वाढले. तथापि राजकीय आरोपींचे काम त्यांनी सोडले नाही. डाक्क्याच्या कटाच्या खटल्यात अनुशीलन समितीचे पुलिनबिहारी दास व त्यांच्या सहकाऱ्यांचा बचाव त्यांनी केला. तेथेही अपिलात अनेकांची सुटका झाली आणि पुलिनबिहारींची जन्मठेप सात वर्षांवर आली. सामान्य न्यायालयीन मार्ग मोकळा असेल तर सरकारचा 'कट' बारीक चाळणीतून गाळला जातो, हा अनुभव दुसऱ्यांदा आला.

सरकारनेही त्यापासून आपला धडा घेतला. खटला चालवून शिक्षा मिळवणे कठीण जाते, तेथे खटल्यावाचून स्थानबद्ध करणे सोपे, हा तो धडा होय. १८१८ चा तिसरा रेग्युलेशन त्यासाठी जुनाच हाताशी होता. डिसेंबर १९०८ मध्ये अश्विनीकुमार दत्त, कृष्णकुमार मित्र प्रभृती नऊ बंगाली पुढाऱ्यांस त्याच्या आधारे हद्दपार करण्यात आले होते. महायुद्धात १९१५ चा भारतसंरक्षण कायदा आला. त्यान्वये बंगालमधील शेकडो तरुण आरोप न ठेवता, साक्ष न घेता स्थानबद्ध झाले. ज्यास आरोपपत्रच नाही त्याचा बचाव वकिलाने करावा कसा? १९१७ मध्ये दास बंगाल प्रांतिक परिषदेच्या अध्यक्षपदी आले आणि त्यानंतरच्या त्यांच्या भाषणांत स्थानबद्धांचा प्रश्न वारंवार येऊ लागला. वकिलाने राजकारणात पाऊल टाकले ते केवळ लौकिकाच्या बळावर, असा समज आहे. परंतु न्यायालयात ज्यांची बाजू मांडणे अशक्य झाले, त्यांच्यासाठी दुसरे व्यासपीठ शोधणे हेही त्याचे एक कारण होते, असे या क्रमावरून दिसते.

मार्च १९१९ मधील रौलट कायद्याने युद्धकाळातील अधिकार शांततेच्या काळातही चालू ठेवण्याची व्यवस्था केली. 'ना वकील, ना दलील, ना अपील' असे त्याचे वर्णन लोकांनी केले. प्रत्यक्षात तो कायदा वापरला गेला नाही आणि १९२२ मध्ये रद्दही झाला. परंतु ज्या तीन गोष्टींवर दास यांची वकिली उभी होती, नेमक्या त्याच तिन्ही या घोषणेत आल्या आहेत. त्याच वर्षी पंजाबात लष्करी कायदा पुकारला गेला आणि बाहेरील प्रांतांतील वकिलांस तेथील खटल्यांत येण्यास बंदी करण्यात आली. पंजाबच्या अत्याचारांची चौकशी करण्यासाठी काँग्रेसने नेमलेल्या समितीवर गांधीजी, अब्बास तय्यबजी, फजलुल हक आणि मुंबईचे बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्यासमवेत दास यांनी काम केले. सरकारी न्यायालयापुढे जी उलटतपासणी होऊ शकली नाही, ती काही अंशी या समितीने गावोगावच्या जबान्या घेऊन केली.

डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेसला दास असहकारिता ठरावास विरोध करण्याच्या तयारीने आले होते. प्रत्यक्षात गांधीजींशी तडजोड होऊन तो ठराव त्यांनीच मांडला. त्यानंतर त्यांनी वकिली सोडली. या त्यागाचे वर्णन बहुधा पैशाच्या हिशोबात केले जाते. परंतु दहा-बारा वर्षांत बचावाचे हत्यार एकेका कायद्याने कसे बोथट केले गेले हे ज्याने पाहिले होते, त्याने ते खाली ठेवावे यात त्यागाइतकाच अनुभवाचाही भाग होता. डिसेंबर १९२१ मध्ये त्यांना अटक होऊन सहा महिन्यांची शिक्षा झाली. त्या वेळी त्यांनी स्वतःचा बचाव केला नाही. १९०७ मध्ये ब्रह्मबांधवांनी घेतलेल्या भूमिकेपाशी त्यांचा वकील अशा रीतीने येऊन पोहोचला.

७

अखेरच्या दोन वर्षांत दास यांच्यापुढे जुनाच प्रश्न नव्या रूपात आला. जानेवारी १९२४ मध्ये गोपीनाथ साहा या तरुणाने कलकत्त्याचे पोलीस आयुक्त टेगार्ट समजून अर्नेस्ट डे या भलत्याच इंग्रज गृहस्थास ठार केले. मुझफ्फरपूरप्रमाणेच येथेही निरपराध व्यक्तीचा बळी गेला. साहास मार्चमध्ये फाशी झाली. जूनमध्ये सिराजगंज येथील प्रांतिक परिषदेने अहिंसेचे तत्त्व मान्य करूनही साहाच्या देशभक्तीचा गौरव करणारा ठराव केला व त्यास दास यांचे पाठबळ होते. गांधीजींनी त्यास स्पष्ट विरोध केला आणि अहमदाबादच्या बैठकीत हा वाद अटीतटीस गेला. अलीपूरच्या न्यायालयात दास यांनी हेतू आणि कृत्य यांमध्ये जी रेषा काटेकोरपणे जपली होती, ती या ठरावात पुसट झाली हे मान्य केले पाहिजे. आरोपीचा बचाव करणे निराळे आणि त्याच्या कृत्याभोवती गौरवाचे वलय उभारणे निराळे. पुढे मार्च १९२५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात राजकीय हत्यांचा निःसंदिग्ध निषेध आणि सरकारी दडपशाहीचाही तितकाच निषेध केला. जुनी रेषा त्यांनी पुन्हा आखून घेतली, असा त्याचा अर्थ करता येतो.

दरम्यान ऑक्टोबर १९२४ मध्ये बंगालमध्ये वटहुकूम निघाला. दास महापौर असलेल्या कलकत्ता महापालिकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुभाषचंद्र बोस यांना १८१८ च्या त्याच रेग्युलेशनखाली खटल्यावाचून अटकेत टाकण्यात आले. वटहुकुमास कायद्याचे रूप देणारे विधेयक जानेवारी १९२५ मध्ये बंगालच्या कायदेमंडळापुढे आले. दास तेव्हा अंथरुणास खिळलेले होते. त्यांना स्ट्रेचरवरून सभागृहात आणण्यात आले आणि त्यांनी विधेयकाविरुद्ध मत दिले. विधेयक नामंजूर झाले. गव्हर्नर लिटन यांनी आपल्या विशेष अधिकारात ते प्रमाणित करून अमलात आणले.

या प्रसंगाकडे बहुधा देशभक्तीचे उदाहरण म्हणून पाहिले जाते. वकिलीच्या इतिहासात त्याचा अर्थ अधिक नेमका आहे. अलीपूरला दास यांच्यापुढे आरोपी होता, आरोपपत्र होते, साक्षीदार होते आणि निकालपत्रात कारणे नमूद करण्यास बांधलेला न्यायाधीश होता. सोळा वर्षांनंतर यांपैकी काहीही शिल्लक नव्हते. ज्यांचा बचाव करावयाचा ते कोणत्या पुराव्यावर बंदीत आहेत हे सांगण्यास कोणी बांधलेले नव्हते. उलटतपासणी करावी असा साक्षीदार समोर नव्हता, म्हणून ज्या कायद्याने तो नाहीसा केला त्या कायद्याविरुद्ध मत देणे एवढीच बचावाची एकमेव कृती उरली होती. ती त्यांनी केली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आतच, १६ जून १९२५ रोजी, दार्जिलिंग येथे त्यांचा अंत झाला.

दास यांच्या कारकिर्दीचे मूल्यमापन सुटलेल्या आरोपींच्या संख्येवरून करणे उचित नव्हे. त्यांच्या आरोपींपैकी काही निर्दोष होते, काहींनी खरोखरच बॉम्ब केले होते, आणि त्या बॉम्बनी निरपराधांचे प्राण घेतले होते. यांपैकी कोण कोणत्या गटातील, हे ठरविण्याचा एकच मार्ग त्यांना मान्य होता, आणि तो म्हणजे उघड्या न्यायालयात तपासलेला पुरावा. बाळकृष्ण काणे याच मार्गाने सुटले आणि बारींद्र घोष याच मार्गाने अंदमानला गेले. १९०८, १९१५, १९१९ आणि १९२५ या चार वर्षी झालेल्या कायद्यांचा क्रम लावला म्हणजे दिसते ते असे, की भयाच्या पोटी केलेला प्रत्येक अपवाद पुढील अपवादास पायरी होतो. आणि त्या पायऱ्या उतरताना बाजूला सारला जाणारा पहिला मनुष्य आरोपी नसतो, त्याच्या शेजारी उभा असलेला वकील असतो.